साडेएकोणीस अंश

भिशी लागली तेव्हा पद्मिनबाई म्हणाल्या,
फ्रीज घे, नाहीतर दाराला जाळी तरी.
मी जालन्याला गेले.

मुनीर मिस्त्री आधी चष्म्याच्या काचा घासायचे,
आता वर्षाकाठी एखादी दुर्बीण.
पितळी नळी, आतून काजळासारखी काळी,
तोंडाशी दोन भिंगं एकमेकांना टेकून,
एक हलक्या काचेचं, एक जड.
"एकटं भिंग रंग सांडतं, बाई.
दुसरं त्याचं सांडलेलं भरून घेतं.
सगळं नाही घेत. चंद्राला जांभळी किनार दिसंल,
तेवढी राहू द्या."
मी म्हटलं, मिस्त्री, मी पिको-फॉल करते,
किनारीचं मला सांगू नका.

ते हसले, आणि दोन हजार कमी केले.

भिंगाच्या कड्यावर आतून आकडा कोरलेला: ११.
बाकीच्या दहा?
"दोन कॉलेजांच्या कपाटात. एक बीडच्या डॉक्टरकडं.
एक कुणाच्या तरी पोरानं मोडीत घातली, पितळेच्या भावानं.
उरलेल्या कुणाच्या डोळ्याला लागल्यात, मला काय माहीत."

एसटीत कंडक्टरनं पेटी ठोकून पाहिली,
"काय हाय यात?"
दुर्बीण म्हटलं, तर थोडा विचार करून
त्यानं पावती फाडली हार्मोनियमची.
मंठ्यापासून पुढं ती माझ्या मांडीवर, गोधडीत.
खड्डा आला की आधी मीच उचलली जायचे.

शोधक नळी दिवसाच जुळवून घ्यायची असते.
गच्चीवरून बंद जिनिंगची चिमणी धरली.
चिमणी उलटी.
तिच्या काठावर कावळा, पाय वर, निवांत चालतोय.
रेवू ओरडली, आत्या, फसवलं तुला!
फोन लावला. मिस्त्री जेवत होते.
"आकाशाला वर-खाली नसतं, बाई.
सवय आपल्यालाच."

मग तिपाई. कागदावर हे सोपं होतं.
गच्चीला पाण्यासाठी उतार,
म्हणून एका पायाखाली फरशीचा तुकडा.
ओळंब्याला दोरा आणि बॉबिन.
आस ध्रुवाकडे, साडेएकोणीस अंशांवर:
सेलूत ध्रुव एवढाच वर येतो,
आणि नेमका तिथंच नगरपालिकेचा जलकुंभ.
लहानपणापासून ज्याला अढळ म्हणत आले
तो टाकीच्या पोटामागं.
टाकीवरच नेम धरला, होकायंत्र बघून, अंदाजानं.
जाड काठाला सुई दिसत नाही कधी कधी,
खालच्या बोटाला कळते.

अंधार पडला. डोक्यावरचा ब्रह्महृदय धरला
आणि मुद्दाम फोकस सोडला.
ताऱ्याच्या बांगड्या होतात,
एकात एक यायला हव्यात.
माझ्या सगळ्या एका अंगाला सरकलेल्या.
मंठ्याचे खड्डे, दुसरं काय.
मशीनचा बारका स्क्रूड्रायव्हर आणला. तीन स्क्रू.
पाव आटा इकडं, बघ.
त्याच्या अर्धा तिकडं, बघ.
खाली गिऱ्हाईक हाका मारून गेलं.
उद्या हळदीला नेसायची साडी होती तिची,
ते मला पहाटे आठवलं.
साडेदहापर्यंत बोटं गार, मान आखडलेली,
रेवू पेटीवर डोकं टेकून झोपलेली.
बांगड्या जुळल्या तो क्षण सांगता येणार नाही.
एकदा डोळा लावला तर जुळलेल्या होत्या.

अष्टमीचा चंद्र तोवर पश्चिमेला कललेला.
उजेड जिथं संपतो तिथं खड्डेच खड्डे,
प्रत्येकाच्या तळाशी शाईसारखी सावली,
आणि कडेला, खरंच, जांभळा काठ,
बोटभरसुद्धा नाही, दोऱ्याएवढा.
चंद्र सरकत बाहेर जायला लागला.
मी आसेची कळ हळूच फिरवली
आणि तो राहिला मध्ये.
म्हणजे टाकीमागचा बरोबर होता.

रेवूला उठवलं. एका डोळ्यानं बघून म्हणाली,
"उलटाय."
हो, म्हटलं.

शेजारच्या गच्चीवर बॅटरी हलली.
"दिसलं का गं काही?"
या की, पद्मिनबाई. चपला काढून या,
आणि तिपाईला हात लावू नका.